छापखान्याच्या गल्लीचं पाणी

माझा मेहुणा गेला त्याला आता वर्ष होत आलं. आमच्या गल्लीतून सुरू झालेल्या समितीची माणसं परवा घरी आली आणि म्हणाली, त्याच्याबद्दल तुम्हीच लिहा. मी म्हटलं, अहो, मी जन्मभर पुस्तकं बांधली, लिहिली नाहीत. पान उलटं लागलं तर मला कळतं, वाक्य उलटं लागलं तर कळेलच असं नाही. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "लागू द्या. तुमच्याइतका जवळून त्याला दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही." तसं माझ्या बायकोने जास्त जवळून पाहिला आहे, तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. पण ती लिहायला बसणार नाही. ती म्हणते, "मला जे बोलायचं होतं ते मी एकदाच बोलले." म्हणून हे काम माझ्याकडे आलं.

तो नगरपालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. रस्त्यात जागोजागी लोखंडी झाकणं असतात, त्यांच्याखाली खड्डा आणि खड्ड्यात व्हॉल्व्ह. तो फिरवायला त्याच्याकडे छातीइतकी उंच चावी होती. वर धरायला आडवी दांडी, खाली चौकोनी खोबण. ती खांद्यावर टाकून तो सकाळपासून गल्लोगल्ली फिरायचा. एका गल्लीचं पाणी सोडायचं, तिची पाळी संपली की बंद करायचं, पुढच्या गल्लीला जायचं. सगळं शहर त्याला चावीवाले म्हणायचं. त्याचं खरं नाव पगाराच्या दिवशी काय ते खात्याला आठवत असेल.

चावी बसवून अर्धा फेरा दिला की तो दांडीला कान लावायचा. खालून पाणी कसं निघालं आहे ते त्याला लोखंडातून ऐकू यायचं. मी एकदा हौसेने कान लावून पाहिला, मला नुसती घरघर आली.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"म्हणतंय, भाऊजींनी कान साफ करून घ्यावा."

असा तो होता. लोक त्याला रस्त्यात अडवायचे, पाणी वाढवून मागायचे, नाही मिळालं की शिव्या घालायचे. कोणी म्हणालं की चावीवाले, तुमचा रुबाब नगराध्यक्षांपेक्षा मोठा, तर तो म्हणायचा, "कसला रुबाब. अध्यक्षांना पाच वर्षांनी जाब विचारता, मला रोज सकाळी विचारता."

त्यांची आई लवकर गेली. त्याला बहिणीनेच वाढवला. आमचं लग्न झालं तेव्हा मला बायको मिळाली आणि तिचं बोट धरून आलेला एक मुलगाही मिळाला. खात्यात चिकटेपर्यंत तो आमच्याकडेच होता. पुढे त्याचं लग्न झालं, टाकीजवळ खात्याचं घर मिळालं, डोक्याचे केस पिकले, तरी ती त्याला बाळ म्हणायची. चारचौघांत म्हणायची. तो खड्ड्यात उतरलेला असायचा आणि ही खिडकीतून, "बाळ, खाल्लंस का काही?" लोक हसायचे. त्याला त्याचं काही वाटत नसे.

आमची गल्ली छापखान्याची. छापखाना कधीच बंद पडला, नाव राहिलं. मी तिथेच बांधणीला होतो. गल्लीच्या तोंडाशी इस्त्रीवाल्याचं दुकान आहे, मागे आम्ही पंचवीस-तीस घरं.

आता निवडणुकीचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. आमच्या शहरात प्रत्येक गल्लीची मतपेटी वेगळी असायची आणि प्रत्येक पेटीची मोजणी वेगळी. कोणत्या पेटीत कोणाला किती, ते निकालाच्या संध्याकाळी पालिकेच्या बाहेर फळ्यावर लागायचं. आम्हाला त्यात वावगं कधी वाटलं नाही. उलट गंमत वाटायची. क्रिकेटच्या धावा वाचाव्यात तसे लोक वाचायचे.

त्या वर्षी अध्यक्षांच्या विरोधात नर्सबाई उभ्या राहिल्या. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या, शहरातली निम्मी माणसं त्यांच्या हातून जगात आलेली. त्या भाषणात सांगायच्या, "मी तुम्हाला सगळ्यांना रडताना पाहिलंय, त्यामुळे माझ्यासमोर ऐट करू नका." बाई हरल्या. पण छापखान्याच्या गल्लीच्या पेटीत त्यांना अध्यक्षांच्या जवळजवळ दुप्पट मतं पडली, आणि तसं फळ्यावर लागलं. टेकडीवरच्या गल्लीतही बाईच पुढे होत्या. त्या संध्याकाळी गल्ली खूश होती. हरलो तरी आपण ताठ राहिलो, असं एकमेकांना म्हणत होती.

पंधरा दिवसांनी पाणी कमी झालं. आधी वाटलं, उन्हाळा आहे. मग लक्षात आलं की पलीकडच्या गल्लीत अंगणं धुतली जाताहेत आणि आमच्याकडे पिंप अर्ध्यावर येऊन नळ फुर्रफुर्र करतो. इस्त्रीवाल्याकडे कपडे पडून राहू लागले. वरच्या टोकाच्या घरांना तर प्यायचं पाणी हंड्याने वाहावं लागे.

हिने भावाला विचारलं, "बाळ, पाणी का रे पुरत नाही?"

"वरूनच कमी आहे, ताई."

त्याने हे खाली बघून सांगितलं. तेव्हाच तिला कळलं असणार. पण ती काही दिवस गप्प राहिली. मग एका सकाळी तो आला, झाकण काढलं, चावी बसवली, तेव्हा ही पदर खोचून रस्त्यात जाऊन उभी राहिली. मी मागे होतो. अशा वेळी काय करावं ते मला कधीच सुचत नाही.

"पूर्ण उघड," ती म्हणाली.

"ताई, घरी जा."

"पूर्ण उघड म्हणते मी."

"हुकूम आहे."

"कोणाचा?"

दांडीवरचे हात तसेच. तोवर इस्त्रीवाला, त्याची बायको, समोरचे मास्तर, सगळे दारात आलेले.

"बरं," ती म्हणाली. "मग तू खात्याचाच माणूस. इथे तुझं कोणी नाही." आणि घरात निघून आली.

त्या दिवसापासून तिने त्याला बाळ म्हणणं सोडलं. बोलायची वेळ आलीच तर परक्यासारखं अहोजाहो करायची. "आले का ते पाणीखात्यातले?" असं मला विचारायची, तो खिडकीखाली उभा असताना, त्याला ऐकू जाईल असं. त्याच्या बायकोशी मात्र तिने बोलणं ठेवलं. वहिनी यायच्या, दोघी भाजी निवडत बसायच्या आणि ज्याच्यामुळे दोघी एकत्र बसल्या त्याचं नाव दोघीही घेत नसत.

मला तो रस्त्यात भेटायचा. एकदा मीच विचारलं, अरे, हे नक्की काय आहे. तेव्हा त्याने सांगितलं. पाणीखात्याच्या साहेबांनी त्याला बोलावून घेतलं होतं. टेबलावर फळ्यावरच्याच आकड्यांचा कागद होता. साहेब म्हणाले होते, "छापखान्याचं जरा आवरतं घ्या. आणि टेकडीचंही. पुढचं सांगेपर्यंत." बास, एवढंच. कमी करा असंही म्हटलं नव्हतं.

"तू नाही म्हणायचंस," मी म्हटलं.

"भाऊजी, तुम्ही कधी कोणाला नाही म्हटलंय?"

मी घरी आलो.

पाण्याची चणचण माणसाला सवयीची होते. दुसरी गोष्ट मात्र होऊ नये ती झाली. गल्लीतली माणसं एकमेकांकडे संशयाने बघायला लागली. अध्यक्षांना ज्यांनी मत दिलं होतं ते म्हणायचे, तुमच्यामुळे आम्ही तहानलो. ज्यांनी बाईंना दिलं होतं ते गप्प बसायचे, किंवा आम्हीही अध्यक्षांनाच दिलं म्हणून सांगायचे. तसं सांगणाऱ्या सगळ्यांची बेरीज केली असती तर त्या पेटीत बाईंना एकही मत पडलं नसतं. एका घरात सासरा आणि सून दोघांनी यावरून चूल वेगळी केली.

एके रविवारी इस्त्रीवाल्याच्या दुकानात सगळे जमले. तो म्हणाला, "स्पष्ट बोलतो. मी पोटावर जगतो, तत्त्वावर नाही. आपण अध्यक्षांकडे जाऊ, चुकलो म्हणू. पुढच्या वेळी झाडून सगळी मतं त्यांना. पेटी बोलते, तर तिला गोड बोलायला लावू."

माना हलल्या. माझीही हलली असेल.

नर्सबाईंना कोणीतरी बोलावलं होतं. त्या मागे कपड्यांच्या गाठोड्यावर बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, बसूनच म्हणाल्या, "इस्त्रीवाले बरोबर बोलतात. द्या अध्यक्षांना मतं. मी मनापासून सांगते. माझ्यापायी कोणाच्या घरात घागर रिकामी राहायला नको."

इस्त्रीवाला गडबडला. "अहो बाई, तसं नाही..."

"तसंच आहे. पण मला एक सांगा. भीतीने दिलेलं मत अध्यक्षांना तरी खरं वाटेल का? ते आणखी घट्ट धरतील. पेटी बोलते म्हणता ना? मग तिला मुकी करू या. पाच-सहा गल्ल्यांच्या पेट्या एकत्र ओता, मतपत्रिका मिसळा आणि मग मोजा. कोण जिंकलं ते कळेल. कोणत्या गल्लीने काय केलं ते कोणालाच कळणार नाही. मलाही नाही."

समोरच्या मास्तरांनी शंका काढली, आणि ती रास्त होती. "मिसळल्यावर कोणी खोट्या मतपत्रिका घुसवल्या तर त्या शोधायच्या कशा? पेटीनिहाय मोजणी म्हणजे पडताळा असतो."

"म्हणून आधी प्रत्येक पेटीतल्या मतपत्रिका पालथ्या मोजायच्या," बाई म्हणाल्या. "मत न बघता. जितक्यांनी मत दिलं तितक्याच निघाल्या की मग मिसळायच्या. मास्तर, तुम्ही परीक्षेचे पेपर असेच गोळा करायचात ना?"

मास्तर हसले. पहिली सही त्यांनी केली. तिथून समिती सुरू झाली. विरोधी पक्षाने मागणी उचलून धरली, पण समितीत सगळ्या तऱ्हेची माणसं होती. अध्यक्षांना मानणारी होती, राजकारणाचा कंटाळा आलेली होती. भिंतींवर खडूने लिहिलेलं दिसायला लागलं: मतं मिसळा, मग मोजा. अध्यक्षांच्या माणसांनी समितीवाल्यांचं नाव ठेवलं पत्ते पिसणारे. "काय, आज किती डाव?" असं विचारायचे. इस्त्रीवाला सही करायला सर्वांत शेवटी आला आणि मग सह्या गोळा करत सर्वांत जास्त तोच हिंडला. प्रत्येक घडी केलेल्या शर्टाबरोबर तो समितीचा कागद द्यायचा.

वर्षभराने निवडणूक आयोगाने शहरात सुनावणी लावली. ज्यांना बाजू मांडायची आहे त्यांनी यावं. पालिकेने आपलं म्हणणं आधीच छापून वाटलं. त्यात होतं की मतांवरून कोणत्याही गल्लीला त्रास दिला जात नाही, छापखान्याच्या गल्लीत पाणी कमी येतं कारण तिथला पाइप निकृष्ट आणि सडलेला आहे.

तो कागद हातात घेऊन मेहुणा भरदुपारी आमच्या घरी आला. वर्षभरात पहिल्यांदा उंबऱ्याच्या आत आला. ही भिंतीकडे तोंड करून कपड्यांच्या घड्या घालत होती, तिने वळून पाहिलं नाही.

"भाऊजी, हे वाचलंत?"

"वाचलं."

"तो पाइप मी घातलाय. मी आणि दोन गडी. सांधे मी स्वतःच्या हाताने भरलेत. मागच्या वर्षी खणून बघितला, जसाच्या तसा आहे." त्याचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. "माझ्या तोंडाला काळं लागलं ते मी लावून घेतलं. पाइपाला का लावता?"

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. वर्षभर गल्लीच्या शिव्या त्याने गिळल्या होत्या, बहिणीचं अहोजाहो गिळलं होतं. आणि आता पाइपाला नावं ठेवल्यावर त्याच्या घशात अडकलं. पण माणूस कुठे अडतो ते कोणी सांगावं.

"मी सुनावणीला बोलणार," तो म्हणाला. "कोणी सांगितलं, काय सांगितलं, सगळं."

मी म्हटलं, "निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय तुझ्या. पेन्शन जाईल. घर जाईल."

"बायकोला विचारलंय."

"मग?"

"ती म्हणाली, बोलायचं असेल तर बोला, पण आधी भांडी कुठे हलवायची तेवढं सांगून ठेवा."

घड्या घालणारे हात थांबले होते. तो थोडा वेळ उभा राहिला, तिच्या पाठीकडे बघत. मग गेला.

सुनावणी नगरभवनात होती. व्यासपीठावर आयोगाचे तिघे, मधल्या वयस्कर बाई मुख्य. खाली एका बाजूला पालिकेची माणसं, दुसऱ्या बाजूला समिती. मागे लोक उभे. नर्सबाई बोलल्या, मास्तर बोलले, विरोधी पक्षाचे वकील बोलले. सगळ्यांचं आयोगाच्या बाई ऐकून घ्यायच्या आणि शेवटी एकच विचारायच्या, "पाणी मुद्दाम कमी केलं याला पुरावा काय?"

मग मेहुणा उठला. धुतलेला शर्ट, खात्याचा बिल्ला लावलेला. बिल्ला कशाला लावलास असं मी सकाळी म्हटलं होतं. "अजून मी खात्यात आहे," एवढंच म्हणाला.

त्याने सरळ सांगितलं. साहेबांनी बोलावलं, टेबलावर मतांचे आकडे होते, आवरतं घ्या म्हणाले, मी घेतलं. फेरे किती द्यायचो आणि किती द्यायला लागलो तेही सांगितलं.

"लेखी आदेश आहे?" आयोगाच्या बाईंनी विचारलं.

"असली कामं कोणी लेखी सांगतं का, बाई?"

मागे हशा पिकला. आयोगाच्या बाई हसल्या नाहीत. त्यांनी पालिकेकडे पाहिलं.

पाणीखात्याचे साहेब उठले. ते शांतपणे बोलले, आणि मला वाटतं त्यांनी हे आधीपासून तयार ठेवलं होतं. ते म्हणाले, "या कर्मचाऱ्याने पाणी कमी केलं असेल तर ते त्याचं त्याने केलं. कारण राजकीय नाही, घरगुती आहे. छापखान्याच्या गल्लीत त्याची थोरली बहीण राहते. दोघांचं वैर आहे, बोलणं बंद आहे. बहिणीने त्याला भर रस्त्यात, लोकांसमोर हाकलून दिलं. अर्धी गल्ली साक्षीला आहे. त्या रागाने त्याने गल्लीचं पाणी तोडलं आणि आता खात्यावर ढकलतो आहे. त्याच्यावर आम्ही कारवाई करूच."

सभागृहात कुजबुज झाली. आमच्याच गल्लीतली माणसं एकमेकांकडे बघू लागली, कारण रस्त्यातलं ते भांडण त्यांनी पाहिलं होतं. मेहुणा जागेवरच उभा होता. तो काय सांगणार होता? बोलणं बंद होतं हे खरंच होतं. त्याला एवढंच सुचलं, "तसं नाहीये." ते कोणालाही खोटंच वाटलं असतं.

माझ्या शेजारची खुर्ची सरकली. ही उठली होती.

तिचं नाव बोलणाऱ्यांत नव्हतं. आयोगाच्या बाई म्हणाल्या, "आपण कोण?"

"ते साहेब ज्या बहिणीबद्दल बोलले, ती मी."

"बोला."

"साहेबांनी सांगितलं ते खरं आहे. मी याला रस्त्यात बोलले. तेव्हापासून मी याच्याशी धड बोललेले नाही. पण पाणी आधी कमी झालं. भांडण मागून झालं. पाणी कमी केलं म्हणूनच झालं. ही गल्ली बसलीये, विचारा. त्याच्या आधी आमच्यात एका शब्दाने वाकडं नव्हतं. याला मी वाढवलाय. याला राग आला तर हा जेवत नाही, दुसऱ्याचं तोडत नाही."

इस्त्रीवाला जागेवरून म्हणाला, "खरंय. पाणी उन्हाळ्यात गेलं, भांडण त्यानंतर झालं. माझ्या दुकानासमोर झालं." मग मास्तर उभे राहिले. मग वरच्या टोकाची एक म्हातारी, जिने आजवर अध्यक्षांशिवाय कोणाला मत दिलं नाही असं सगळ्यांना माहीत होतं, तीही उभी राहिली.

"आणि टेकडीवर याची कोण बहीण राहते?" ही पुढे म्हणाली. "तिथलं पाणी का गेलं?"

साहेब कागद चाळू लागले.

पालिकेचे वकील पटकन उठले. "बाई, तुम्ही विरोधी पक्षाच्या आहात. मागच्या निवडणुकीत तुम्ही मत कोणाला दिलं ते सांगा."

सगळे तिच्याकडे बघू लागले. मीही तिच्याकडे बघत होतो, कारण मला माहीत नव्हतं. आम्ही एकत्र मत द्यायला गेलो होतो, एकत्र परत आलो होतो, मी कधी विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलं नव्हतं.

ती म्हणाली, "ते मी माझ्या नवऱ्याला सांगितलेलं नाही, तुम्हाला कशाला सांगू? ते सांगावं लागू नये म्हणूनच तर ही सगळी माणसं इथे आलीत."

आयोगाच्या बाईंनी वकिलांना खाली बसायला सांगितलं.

बाहेर पडलो तेव्हा ती पुढे चालत होती, आम्ही दोघे मागे. मेहुण्याने शर्टावरचा बिल्ला काढून खिशात ठेवला. कोपऱ्यावर ती थांबली आणि मागे न बघता म्हणाली, "भांडी आमच्या मागच्या खोलीत आणून ठेव, बाळ. पलंग मावणार नाही, तो विकून टाक."

त्याला आठवड्याच्या आत निलंबित केलं, महिन्याभरात घर खाली करायला लावलं. पुढे काढूनच टाकलं. पेन्शन तो असेपर्यंत आली नाही. आता वहिनींना निम्मी मिळते, तीही समितीच्या वकिलाने खेटे घातल्यावर. साहेबांची बदली झाली, वरच्या जागेवर झाली असं ऐकलं. मी हे तक्रार म्हणून लिहीत नाही. झालं ते लिहितो आहे. तो आमच्या मागच्या खोलीत राहिला, घरोघरचे नळ दुरुस्त करायला जायचा. सकाळी नवा चावीवाला गल्लीत आला की हा आतल्या आत अस्वस्थ व्हायचा. "जोरात आपटतोय झाकण," म्हणायचा, "कडा फुटेल." सुनावणीनंतर गल्लीचं पाणी हळूहळू पूर्ववत झालं होतं, पण पुढच्या निकालानंतर ते टिकेल याची खात्री कोणाला नव्हती.

आयोगाने समितीची मागणी मान्य केली, पण लगेच नाही. मधे विधानसभेत वाद झाले, विरोधी पक्षाने सभात्याग केला, सत्ताधाऱ्यांनी ठराव दोनदा पुढे ढकलला. शेवटी नियम झाला आणि पुढची पालिका निवडणूक त्या नियमाने झाली.

नर्सबाई पुन्हा उभ्या होत्या. मोजणीला त्यांनी आपला प्रतिनिधी म्हणून मेहुण्याला नेमलं. मी जाळीबाहेरून बघत होतो. एकेक पेटी उघडली, मतपत्रिका पालथ्या मोजल्या, आकडा जुळला. मग सहा गल्ल्यांच्या पेट्या एका लांब टेबलावर ओतल्या. एक कर्मचारी वरवर हात फिरवत होता. मेहुणा त्याला म्हणाला, "अहो, नीट. खालचं वर येऊ द्या." कर्मचारी चिडला, पण त्याने दोन्ही हात कोपरापर्यंत घातले. आमच्या गल्लीची मतं टेकडीच्या मतांत गेली, टेकडीची बाजारपेठेच्या मतांत. पाहता पाहता सगळा एकच ढीग झाला.

बाई हरल्या. आधीपेक्षा थोड्या मतांनी, पण हरल्या. फळ्यावर संबंध शहराचा एकच आकडा लागला. लोक सवयीने आपली गल्ली शोधत होते. इस्त्रीवाला बराच वेळ फळ्यासमोर उभा राहून म्हणाला, "म्हणजे आपण नक्की काय केलं?"

बाई मेहुण्याजवळ आल्या. "तुमचं झालं," त्या म्हणाल्या. "माझं राहिलं."

"अजून काही झालं नाही बाई," तो म्हणाला. "उद्या सकाळी बघू."

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या सुमारास उठून आमच्या पायरीवर बसला. मीही जाऊन बसलो. ही आत नळाखाली घागर लावून उभी होती. इस्त्रीवाल्याने दुकान अजून उघडलं नव्हतं, पण तो दारात होता. समोर मास्तर गच्चीत उभे होते. गल्लीत बरीच माणसं जागी होती आणि प्रत्येकजण काहीतरी दुसरंच करत असल्यासारखं दाखवत होता.

नवा चावीवाला आला. झाकण काढलं, चावी बसवली. मेहुणा त्याच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता. तो ओठ हलवून फेरे मोजतो आहे हे माझ्या लक्षात आलं.

आतून पाण्याचा आवाज आला.

"आलं?" त्याने मान न वळवता विचारलं.

"आलंय," ही आतून म्हणाली.

"जोर?"

"आहे."

पाळी संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला. वरच्या टोकाच्या घरांपर्यंत पोचलं का, असं त्याने येणाऱ्या-जाणाऱ्याला दोन-तीनदा विचारलं. पोचलं होतं. नव्या चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केला, झाकण लावलं आणि तो पुढच्या गल्लीला गेला. मग मेहुणा उठला, मागच्या खोलीत जाऊन आडवा झाला आणि दुपारपर्यंत झोपला. जेवायला उठवू का, असं मी विचारलं तर ही म्हणाली, "झोपू दे."